ट्रायलला काढलेली गाडी

गाडी पुन्हा उड्डाणपुलाच्या चढावरच बंद पडली. तोच चढ, तोच दिव्याचा खांब, आणि मागच्या बसच्या ड्रायव्हरने हॉर्नही त्याच सुरात वाजवला. हेडक्लार्कांनी खिडकीतून हात बाहेर काढून ‘जा, जा, पुढे जा’ अशी खूण केली. ती इतक्या रुबाबात केली, की पाहणाऱ्याला वाटावं गाडी यांनीच थांबवलीय, पुलाची सरकारी पाहणी चाललीय. निदान हेडक्लार्कांची तशी समजूत होती. बस शेजारून जाताना ड्रायव्हर काय म्हणाला, ते इथे सांगण्यासारखं नाही.

हेडक्लार्कांना नोकरीतून सुटून बरीच वर्षं झाली होती. पण सोसायटीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नसे, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनही पाहत नसत. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. बॉनेट उघडलं की माणसं जमतात आणि माणसं जमली की सल्ले सुरू होतात. त्यांनी शांतपणे वर्तमानपत्र काढलं, अग्रलेख वाचला, त्यावर नापसंतीची मान हलवली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू. जसं काही झालंच नव्हतं!

अशी तिची खोड. थंड असताना इतकी गुणी, की शेजाऱ्यांना दाखवावी. चौक ओलांडायची, बाजार ओलांडायची, आणि पुलाच्या चढावर आली की मान टाकायची. थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा तयार. हेडक्लार्कांनी ऑफिसात अशी माणसं ढिगाने पाहिली होती. पण त्यांना निदान मेमो देता येत असे.

आता कोणी म्हणेल, इतकं आहे तर पुलापलीकडे जायचंच कशाला? बाजार अलीकडे, दवाखाना अलीकडे, पेन्शनची बँक अलीकडे. पुलापलीकडे या गृहस्थाचं होतं तरी काय? होती. बायको होती. पुलावरून निघणारा रस्ता सरळ लेकीच्या गावाला जातो. सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेला पोचावं एवढंच अंतर. बायको तिथे लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ‘थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे,’ म्हणून गेली. मग नात रात्री झोपत नाही म्हणून राहिली. मग नात दिवसा झोपत नाही म्हणून राहिली. मग लेकीची रजा संपली, मग सांभाळायला ठेवलेली बाई सोडून गेली, मग नातीला दात येऊ लागले. आणि दात काही एकदम येत नाहीत. खाली तळमजल्यावर दातांचे डॉक्टरच राहत असल्यामुळे हेडक्लार्कांनी याची खातरजमा करून घेतली होती.

हेडक्लार्कांना बायकोची फार आठवण येत होती. हे वाक्य इथे जितकं सरळ लिहिलंय, तितकं सरळ त्यांनी ते मनातल्या मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. मनात ते ‘घराची जरा गैरसोय होतेय’ असं म्हणत. ही गैरसोय सकाळपासून सुरू होई. ते वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचून दाखवत आणि स्वयंपाकघरातून ‘हं’ येण्याची वाट पाहत. ‘हं’ येत नसे. मग ते पुढची बातमी वाचत नसत. ही बाई गेली पस्तीस वर्षं आपल्या बातम्या ऐकत नव्हती, नुसतं ‘हं’ म्हणत होती, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. पण ते ‘हं’ नसलं तर जगात काय चाललंय ते कळून तरी काय करायचं, असं त्यांना वाटू लागलं होतं.

‘बसने जाऊन घेऊन या की काकूंना,’ असं दातांचे डॉक्टर एकदा म्हणाले. दर तासाला बस होती. पण या सूचनेत एक मूलभूत दोष होता आणि तो डॉक्टरांसारख्या कालच्या पोराला कळणं शक्य नव्हतं. बसने जायचं म्हणजे तिकीट काढायचं, म्हणजे ठरवून जायचं, म्हणजे बायकोला आणायलाच जायचं! एवढं उघड? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर? छे. गाडीचं तसं नाही. गाडी ट्रायलला काढता येते. ट्रायल घेता घेता माणूस लेकीच्या दारात पोचू शकतो आणि सहज म्हणू शकतो, ‘इकडून चाललोच होतो. येतेस का? मागची सीट रिकामीच आहे.’ हे वाक्य हेडक्लार्कांनी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. ‘मागची’ हा शब्द नंतर त्यांनी काढून टाकला. ती पुढेच बसत असे.

तेव्हा सगळा प्रश्न पुलाचा होता.

पहिला सल्ला डॉक्टरांनीच दिला. पेट्रोलमध्ये कचरा असणार, टाकी साफ करून घ्या. टाकी साफ केली. निघालं काय, तर लेकीच्या लहानपणी हरवलेली एक गोटी. ती टाकीत कशी गेली याचा खुलासा मागायला हेडक्लार्कांनी लेकीला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती, खुलासा मिळाला नाही. वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर म्हणाले, चढावर हवा विरळ होते. पुलाच्या उंचीवर हवा विरळ होत असेल, तर चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या प्रोफेसरांच्या बोलण्याचा उलगडा होतो, असं हेडक्लार्कांना वाटलं. पण ते बोलले नाहीत, कारण प्रोफेसरांकडे गाडी ढकलण्यालायक दोन धडधाकट मुलगे होते.

मग त्यांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. या मिस्त्रीचं गॅरेज बाजाराच्या अलीकडे, आणि जगात आपल्याला न कळणारं इंजिन अजून जन्माला यायचंय अशी त्याची पक्की समजूत. त्याने बॉनेट उघडलं, एक स्पॅनर कानामागे खोचला आणि म्हणाला, “साहेब, हे काय आहे?”

“कॉइल आहे,” हेडक्लार्क म्हणाले.

“कॉइल मला माहिती आहे. कॉइलच्या अंगात काय आहे?”

इथे थोडं सांगायला हवं. इग्निशन कॉइल म्हणजे लोटीएवढा एक पत्र्याचा डबा. बॅटरीची साधी वीज आत घेतो आणि ती प्रचंड जोरकस करून प्लगला पाठवतो, म्हणजे तिथे ठिणगी पडते आणि गाडी चालते. जगातल्या बाकी सगळ्या गाड्यांत हा डबा उघडा असतो. हेडक्लार्कांच्या गाडीत त्याला कव्हर होतं. निळ्या फुलांचं, जुन्या रजईच्या तुकड्याचं, आत कापूस, वरून टिपा, तारांसाठी शिवलेली काजं आणि कमरेला बांधायला नाडी. हेडक्लार्कांच्या घरात टीव्हीला कव्हर होतं, मिक्सरला होतं, शिलाई मशीनच्या कव्हरवर धूळ बसू नये म्हणून त्यालाही एक कव्हर होतं. टीव्हीचा रिमोट तर विकत आणल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि त्याची बटणं आजवर कोणी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. मागे एकदा कॉइलवर पाणी उडून गाडी अडली होती. तेवढं बायकोच्या लक्षात राहिलं, आणि लेकीकडे निघण्याच्या आदल्या दिवशी मशीनवर बसून तिने हे कव्हर शिवलं. ‘मी नसताना कुठे पाण्यात अडकाल, आणि धावून येणारं कोणी नसेल,’ म्हणाली.

“ते काढून बाजूला ठेव,” हेडक्लार्क मिस्त्रीला म्हणाले. “नीट ठेव. त्याला तेलकट हात लागलेले मला चालायचे नाहीत.”

मिस्त्रीने हात पुसून नाडी सोडली आणि कव्हर ऑफिसच्या टेबलावर, कागदावर ठेवलं. मग गाडी चालू करून सोडली. गाडी चालू राहिली. मिस्त्रीचा चहा झाला, दुसऱ्या एका गिऱ्हाईकाशी भांडण झालं, गाडी चालूच. त्याने ती बाजारात फिरवली, पुलावरून पलीकडे नेऊन परत आणली. काही केल्या बंद पडेना! तरी त्याने आपलं प्लग बदलले, पॉइंट घासले आणि हेडक्लार्कांना म्हणाला, “घ्या. आता घोड्यासारखी धावेल.” हेडक्लार्कांनी कव्हर स्वतःच्या हाताने कॉइलला घातलं, नाडीची सुरगाठ मारली आणि दुसऱ्याच दिवशी पुलाच्या चढावर अग्रलेख वाचत बसले.

असं अनेकदा झालं. गॅरेजात गेली की गाडी ठणठणीत आणि हेडक्लार्कांच्या हातात आली की पुलावर आडवी. शेवटी मिस्त्रीने हात टेकले आणि वर अपमानही केला. “साहेब, राग मानू नका. गाडीत काही नाही. तुमच्या चालवण्यात आहे.” पस्तीस वर्षांत एकदाही कुणाला साधा ओरखडा न काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. ते गाडीत बसले. त्यांना वाटलं, खरंच असेल. ही गेल्यापासूनच गाडी अशी वागतेय. आपलं तरी कुठे नीट चाललंय?

त्यात सोसायटीच्या सेक्रेटरीची नोटीस आली. ‘आपले वाहन दीर्घकाळ बंद स्थितीत असून पार्किंगची जागा अडवीत आहे, तरी ते त्वरित हलवावे.’ हेडक्लार्कांचं रक्त उसळलं. किती दिवसांनी हातात सरकारी थाटाचा कागद आला होता! दुपारभर बसून त्यांनी उत्तर लिहिलं. सदर वाहन बंद नसून ते चालू असताना बंद पडते, व जे चालू असल्याशिवाय बंद पडू शकत नाही त्यास बंद म्हणणे हे वस्तुस्थितीस धरून नाही. सेक्रेटरीने उत्तर वाचलं आणि प्रत्यक्ष पाहणी करायला खाली आला. गाडी थंड होती. एका किल्लीत सुरू झाली. सेक्रेटरी माफी मागून गेला. हेडक्लार्कांना हे बायकोला सांगायचं होतं, अगदी शब्दशः. पण फोनवर ते तसं बोलत नसत.

फोनवरचं बोलणं असं असे.

“गाडी कशी आहे?” बायको विचारी.

“आहे. पुलापर्यंत जाते.”

“आणि मग?”

“मग बसते.”

“जेवलात का?”

“अगं, मी गाडीचं सांगतोय.”

“मी तुमचं विचारतेय.”

“जेवलो,” हेडक्लार्क म्हणत. आणि मग दोघंही थोडा वेळ फोन कानाला लावून गप्प राहत. कुणालाच ठेवायचा नसे आणि कुणालाच काही सुचत नसे. एकदा ती म्हणाली, “नवी बाई मिळालीय हो. फार चांगली आहे. बाळ तिच्याकडे रमतं. मला आता इथे तसं काही काम नाही.”

हे वाक्य कोणी कसं सांगितलं म्हणजे कळतं, देव जाणे. हेडक्लार्क म्हणाले, “अरे वा! मग आता चांगला आराम कर.”

मग ती म्हणाली, “बरं. ठेवते.”

आपण काय माती खाल्ली, ते हेडक्लार्कांना फोन ठेवल्यावर, चप्पल घालून दोन जिने उतरल्यावर कळलं. ते तसेच तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरले आणि म्हणाले, “चला. ट्रायल घ्यायचीय. आत्ता.” खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसला होता. डॉक्टरांनी त्याला गुळणी करायला लावून उद्या बोलावलं. एवढ्या वर्षांत हेडक्लार्कांना घाईत कोणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायचं डॉक्टरांना सुचलं नाही.

पुलाच्या चढावर, दिव्याच्या खांबापाशी, गाडीने मान टाकली. या वेळी डॉक्टर खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पेशंटच्या अंगाला हात लावून बघायची सवय होती, म्हणून त्यांनी इकडे तिकडे हात लावला, आणि निळ्या फुलांच्या कव्हरवर हात पडताच “आई गं!” करून मागे घेतला.

“काका, याला ताप आहे!”

“कुणाला?”

“या दुलईवाल्याला. भाजतंय नुसतं. एवढ्या गरमीत याला पांघरुणात का गुंडाळलंय?”

हेडक्लार्क खाली उतरले. कव्हरला हात लावला. मग पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. गॅरेजात कव्हर काढून ठेवायचो म्हणून गाडी चालायची. परत स्वतःच्या हाताने घालायचो म्हणून बंद पडायची. आपणच घालायचो! वर सुरगाठही आपणच मारायचो! डॉक्टरांनी नाडी सोडली, प्यायच्या पाण्यात रुमाल भिजवून कॉइलवर ठेवला. चर्र आवाज झाला. दोन-तीनदा रुमाल बदलला आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

“सापडलं, काका!” डॉक्टर आनंदाने म्हणाले. “काकूंना सांगा, गंमत वाटेल त्यांना.”

“खबरदार,” हेडक्लार्क म्हणाले. “एक अक्षर सांगायचं नाही.”

गंमत? आपण अडकू नये म्हणून जिने शिवलं, तिला सांगायचं, की तुझ्यामुळेच अडकत होतो? त्यापेक्षा गाडी पुलावर मेलेली बरी. त्यांनी कव्हर झटकलं, घडी केली आणि शर्टाच्या आत ठेवलं. अजून गरम होतं. त्या संध्याकाळी बायकोने फोनवर आपण होऊन विचारलं, “कॉइलचं कव्हर आहे ना नीट?” हेडक्लार्क म्हणाले, “छान आहे. फार उपयोग होतो त्याचा.”

पण गोष्ट तिथे मिटली नाही. इतके दिवस शिजून कॉइलच आतून कामातून गेली होती. कव्हर काढल्यावर गाडी पुलापलीकडे जायला लागली, पण पुढे टोलनाक्याशी बसायला लागली. स्पेअरपार्टच्या दुकानदाराने कॉइल हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “ही तुमच्याकडे आली कशी?” जणू चोरीची होती. या मॉडेलची कॉइल कंपनीने कधीच बंद केली, दुसरी बसवायची तर तिचा पट्टा वेगळा, तार वेगळी. मागवून बघतो, येईल तेव्हा येईल, असं तो म्हणाला. हेडक्लार्कांनी आयुष्यभर लोकांना हेच उत्तर दिलं होतं. ते स्वतःला मिळालं की कसं लागतं, ते त्यांना आत्ता कळलं.

आणि मग जावयाचा फोन आला. जावई चांगला मुलगा. चांगल्या मुलांचाच जास्त त्रास होतो. “बाबा, आम्ही विचार करतोय, आई आता इथेच राहिल्या तर? आणि तुम्हीही या ना. एक खोली तुमचीच आहे. तिकडचं घर भाड्याने देऊ. ती गाडीही काढून टाका, किती दिवस ओढणार?” हेडक्लार्कांनी विचारलं, ती काय म्हणते? जावयाने फोन तिच्याकडे दिला.

“तुम्ही काय म्हणता?” बायकोने विचारलं.

हेडक्लार्कांच्या तोंडाशी किती तरी आलं. म्हणायचं होतं, माझं ऐक, आपलं घर सोडून मी कुठे येऊ, आणि तू तरी कशाला राहतेस, इथे सकाळी वर्तमानपत्र उघडवत नाही मला. पण जावई पलीकडे उभा असणार, लेक असणार. ते म्हणाले, “तू ठरव. माझं काही नाही.”

“उद्या संध्याकाळी सांगते मग त्यांना,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्कांनी कपाट उघडून पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले टॉवेल बाहेर काढले. हे टॉवेल आजवर कुठल्याही पाहुण्याला मिळाले नव्हते. एवढ्या मोठ्या योग्यतेचा पाहुणा कधी आलाच नव्हता. त्यांनी ते बादलीत भिजवले. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या फ्रीजमधला बर्फ आणून वरून ओतला आणि शेवटचं म्हणून सांगून पाहिलं, “काका, बस आहे हो.”

“बसने गेलो तर विचारायला गेल्यासारखं होतं,” हेडक्लार्क म्हणाले. “मला आणायला जायचंय.” बोलून गेल्यावर ते स्वतःच जरा चपापले. डॉक्टरांनी गाडीचं दार लावून दिलं.

मग तो प्रवास! जगात गाड्या पेट्रोलवर चालतात, ही गाडी पाण्याच्या घड्यांवर चालली. पूल ओलांडला. टोलनाक्याआधीच हेडक्लार्कांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, ओला टॉवेल कॉइलवर ठेवला, दुसरा पिळून तयार ठेवला आणि आजारी मुलाच्या उशाशी बसावं तसे बाजूला उभे राहिले. मग पुन्हा निघाले. पुन्हा थांबले. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते आणि हे मागून येऊन त्यांना पुन्हा गाठत होते. एका सायकलवाल्याशी तर अशी चांगली ओळखच झाली. ज्या बसने ते गेले नव्हते, ती बस शेजारून गेली. थोड्या वेळाने पुढची गेली. त्यात खिडकीशी बसलेले लोक चहा पीत होते.

बर्फ वितळून पाणी कोमट झालं तेव्हा एका टँकरवाल्याने गाडी थांबवली आणि विचारलं, “आजोबा, पेशंट कोण आहे?”

“कॉइल.”

त्याने पाइप काढून बादली भरून दिली. “कुठे निघालात एवढ्या उन्हात?”

“बायकोला आणायला,” हेडक्लार्क म्हणाले. परक्या माणसाला सांगायला काहीच जड गेलं नाही. टँकरवालाही हसला नाही. त्याने फक्त विचारलं, “वाट बघत असतील ना?” उरलेल्या सगळ्या रस्त्यात हेडक्लार्कांना तेवढाच विचार होता. संध्याकाळी सांगते म्हणाली होती. तिने मनाशी ठरवून टाकलं असलं तर?

जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. लेकीच्या गल्लीत वळताना गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि बरोबर फाटकासमोर येऊन ती बंद पडली. हेडक्लार्क उतरले. शर्ट काळा, पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात पिळलेला टॉवेल. बायको व्हरांड्यातच होती. तिने त्यांना पाहिलं, उठून उभी राहिली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर ओठांवर बोट ठेवलं.

“श्श! आत्ता झोपलीय. सकाळपासून रडत होती.”

ती फाटकापाशी आली. जरा वाळली होती. की हेडक्लार्क तिचं रूप विसरले होते? छे, विसरले कुठले. सगळं जसंच्या तसं होतं आणि तरी ते तिच्याकडे बघतच राहिले.

“काय हो हा अवतार? काय झालं?” ती कुजबुजली.

“गाडी ट्रायलला काढली होती,” हेडक्लार्कही कुजबुजले.

“इतक्या लांब?”

“इंजिन मोकळं व्हायला लागतं.”

“झालं का मोकळं?”

“झालं.”

“मग पाणी पिऊन निघत असाल लगेच. अंधार व्हायच्या आत पोचायला हवं तुम्हाला.” आणि ती खरंच पाणी आणायला वळली.

हेडक्लार्कांचं सगळं अवसान गेलं. आरशासमोरचं ते वाक्य आठवेना. “ऐक ना,” ते म्हणाले. ती थांबली, पण वळली नाही. त्यांनी घसा साफ केला आणि कसंबसं, अगदी हळू आवाजात म्हणाले, “करमत नाही.”

“काय म्हणालात?”

“करमत नाही म्हटलं.”

“ऐकू नाही आलं.” ती अजून पाठमोरीच होती. “मोठ्यानं बोला.”

“बाळ झोपलंय.”

“मग राहू दे,” ती म्हणाली आणि पायरी चढू लागली.

“मला तुझ्याशिवाय करमत नाही!” हेडक्लार्क ओरडले. असे ओरडले, की समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई कठड्यावर ओणवी झाली, शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि जावई तोंडात बिस्किट तसंच धरून दारात आला. “सकाळी करमत नाही! संध्याकाळी करमत नाही! घर खायला उठतं! मी राहायला यायचो नाही आणि तुलाही राहू द्यायचो नाही! न्यायला आलोय!”

आत बाळाने भोकाड पसरलं.

बायको पायरीवर तशीच उभी होती. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, मग आत गेली. हेडक्लार्क फाटकात, सगळ्या गल्लीसमोर, ओला टॉवेल छातीशी धरून उभे राहिले. आपण काय बोललो ते आता त्यांच्या ध्यानात येत होतं आणि कान गरम होत होते. तेवढ्यात ती बाहेर आली. तिने त्यांच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि रडून लाल झालेली नात त्यांच्या हातात दिली.

“घ्या,” ती म्हणाली. “उठवलीत तुम्ही, आता झोपवाही तुम्हीच. मी बॅग भरते.”